पडद्याआडून राज्य करणाऱ्या सुलतान जहाँ बेगम

इ. स. १८१९ ते १९२६ या एकशेसात वर्षांत, मधला एक छोटा कालखंड वगळला तर, भोपाळ संस्थानचा कारभार स्त्रियांच्या हाती होता. एकीमागून एक अशा चार बेगमा तेथे होऊन गेल्या. मराठी वाचकाला अहिल्याबाई होळकर परिचित आहेत आणि आपल्या अंकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना कित्तूरची राणी चेन्नम्मा कोण हे सांगावे लागत नाही. परंतु या दोघींच्या वाट्याला राज्य आले ते घरातले कर्ते पुरुष गेल्यामुळे. भोपाळात मात्र आईकडून मुलीकडे, तिच्याकडून पुन्हा तिच्या मुलीकडे, असा वारसा चालत राहिला, आणि तोही मुसलमानी संस्थानात. इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात या चौघींना दोन ओळींपेक्षा अधिक जागा मिळत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

मी नोकरीच्या निमित्ताने भोपाळात आलो आणि बाग सेवनियात स्थिरावलो. हा भाग जुन्या शहरापासून बराच दूर, होशंगाबाद रस्त्याच्या बाजूला. भेलची वसाहत, विद्यापीठ, अलीकडचे एम्स, सारे आसपासच आहे. नबाबी भोपाळच्या खुणा इकडे दिसत नाहीत. त्या पाहायच्या तर बस धरून तलावाकाठच्या जुन्या वस्तीत जावे लागते. तरीसुद्धा आमच्या गल्लीतल्या वयस्कर बायकांच्या बोलण्यात एक नाव वरचेवर येई. कोणाच्या सुनेचे दिवस भरले की तिला सुलतानियाला नेले, एवढेच त्या सांगत. पुढचा तपशील कोणी विचारत नसे, कारण सुलतानिया म्हणजे बायकांचे इस्पितळ हे साऱ्या शहराला ठाऊक होते. ज्या बेगमेवरून ते नाव पडले तिची चौकशी मी सुरू केली ती या बोलण्यामुळे. वाचत गेलो तसे लक्षात आले, की सुलतान जहाँ बेगम यांचे चरित्र हे राज्यकारभारापेक्षाही विवाह, धर्म आणि स्त्री या तिढ्याचे चरित्र आहे.

त्यांचा जन्म ९ जुलै १८५८ चा. पण गोष्ट त्यांच्या पणजीपासून सुरू करावी लागते, कारण या घराण्यात प्रत्येक पिढीला लग्नाने काही ना काही धडा दिला. पणजी कुदसिया बेगम ऐन तारुण्यात विधवा झाल्या. १८१९ साली त्यांचे पती नजर मुहम्मद खान पिस्तुलाची गोळी लागून अपघाताने वारले, तेव्हा पदरी दीड वर्षाचीही नसलेली मुलगी होती. अवघ्या सहा वर्षांपूर्वी नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांनी भोपाळला दीर्घकाळ वेढा घालून ते जेरीस आणले होते. आता गादीवर बसवायला कर्ता पुरुष नव्हता. कुदसिया बेगमांनी पडदा बाजूला सारला आणि मुलीच्या नावाने कारभार हाती घेतला. ती मुलगी म्हणजे सिकंदर बेगम. त्यांचे लग्न १८३५ मध्ये चुलत घराण्यातील जहाँगीर मुहम्मद खान यांच्याशी झाले. मुलीचा नवरा नबाब होणार, असा त्या काळचा समज. बायकोला मात्र राज्य सोडवत नव्हते. भांडण इतके विकोपास गेले, की पत्नी गरोदर असताना पतीने तिच्यावर तलवार चालवली. सिकंदर बेगम वाचल्या, आईबरोबर इस्लामनगरच्या किल्ल्यात गेल्या आणि तेथेच १८३८ मध्ये शाहजहाँ बेगम जन्मल्या.

ही हकीगत मी विस्ताराने सांगतो आहे याचे कारण असे, की सिकंदर बेगमांनी त्यातून जो धडा घेतला तो पुढे घराण्याची रीत झाला. मुलीच्या लग्नाच्या वेळी, १८५५ मध्ये, त्यांनी संस्थानच्या सैन्याचे प्रमुख बाकी मुहम्मद खान यांना जावई म्हणून निवडले. ते वयाने बरेच मोठे होते आणि त्यांचे आधी लग्नही झालेले होते. आजच्या दृष्टीने ही निवड कोणालाही रुचणार नाही. परंतु सिकंदर बेगमांचा हिशेब वेगळा होता. जावयाला नबाब ही पदवी मिळाली, मानमरातब मिळाला. राज्याधिकार मात्र मुलीच्याच नावावर राहिला. त्यांनी इंग्रज सरकारशी लिहून लिहून हे मान्य करून घेतले. १८६० मध्ये तर सरकारने खुद्द सिकंदर बेगमांनाच राज्यकर्त्या म्हणून मान्यता दिली. १८६३-६४ मध्ये त्या मक्केला जाऊन आल्या आणि त्या प्रवासाचा वृत्तांतही त्यांनी लिहिला. नमाज, रोजे, हज सारे पाळणारी, आणि घोड्यावर बसून उघड्या चेहऱ्याने मुलुखाची पाहणी करणारी अशी ही बाई होती.

नात सुलतान जहाँ यांचे शिक्षण आजीने स्वतःच्या देखरेखीखाली चालवले. कुराण, फारसी, पश्तू, इंग्रजी, सुलेखन आणि घोड्यावर बसणे असा तो अभ्यासक्रम होता. नातीसाठी नवराही आजीनेच हेरून ठेवला. उत्तरेतल्या जलालाबादच्या पठाण घराण्यातला अहमद अली खान हा मुलगा लहानपणीच भोपाळात आणून तिच्याबरोबर वाढवला गेला. १८६८ साली सिकंदर बेगम वारल्या तेव्हा नात दहा वर्षांची होती. आधी वडील गेले होते, त्याच्याही आधी धाकटी बहीण सुलेमान जहाँ. मागे राहिल्या त्या आई आणि मुलगी, आणि तीन वर्षांनी त्या दोघींच्या मध्ये एक लग्न आले.

शाहजहाँ बेगमांनी १८७१ मध्ये दुसरा विवाह केला, तो सय्यद सिद्दिक हसन खान यांच्याशी. हे गृहस्थ मूळचे कनौजचे, संस्थानच्या नोकरीत वर चढलेले, अरबी-फारसी-उर्दूचे गाढे विद्वान आणि अहल-ए-हदीस या सुधारणावादी पण कर्मठ पंथाचे अग्रणी. त्यांची पहिली पत्नी संस्थानच्या दिवाणाची कन्या होती. म्हणजे भोपाळची राज्यकर्ती बेगम ही या घरात दुसरी पत्नी म्हणून आली.

मराठी वाचकाने येथे जरा थांबावे असे मला वाटते. आपल्याकडे विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला आणि पुढे कित्येक वर्षे पुण्या-मुंबईत त्यावर वाद माजला. इस्लाममध्ये विधवेला पुनर्विवाहाची मुभा पहिल्यापासून आहे. किंबहुना तो चांगला मानलेला आहे. परंतु उत्तर हिंदुस्थानातील खानदानी मुसलमान घरांत विधवेचे लग्न नामुष्कीचेच समजले जाई. धर्म एक सांगतो आणि बिरादरी दुसरे पाळते, हा प्रकार आपल्या ओळखीचाच आहे. सिद्दिक हसन यांच्या पंथाचा या रूढीला विरोध होता, आणि या एका बाबतीत तरी न्याय त्यांच्या बाजूने आहे, असे मी म्हणेन. शाहजहाँ बेगमांनी धर्माने दिलेला हक्कच वापरला. पण त्याच लग्नाबरोबर त्या कडक पडद्यात गेल्या, आणि दरबारात बसणारी बाई चिकाच्या आडून बोलू लागली. एका हाताने मिळाले ते दुसऱ्या हाताने गेले.

वृद्ध पणजीला हा विवाह रुचला नाही आणि तेरा वर्षांच्या मुलीलाही नाही. १८७४ मध्ये सुलतान जहाँ यांचे अहमद अली खान यांच्याशी लग्न झाले. त्यानंतर सावत्र बाप आणि जावई यांच्यात वैर वाढत गेले आणि मायलेकी एकाच गावात राहून परक्या झाल्या. थोरली नात बिल्किस जहाँ काही वर्षे आजीच्या महालात वाढली. ती पोर म्हणजे जणू ओढाताणीचा दोर झाली. बाराव्या वर्षी, १८८७ मध्ये, ती वारली. १८९४ मध्ये दुसरी मुलगी आसिफ जहाँ चौदा वर्षांची होऊन गेली. मायलेकींचे सूत या दुःखांनीही जुळले नाही. १८८५ मध्ये इंग्रज सरकारने राजद्रोही लिखाणाचा आणि राज्यकारभारात ढवळाढवळ केल्याचा ठपका ठेवून सिद्दिक हसन यांची नबाबी काढून घेतली. १८९० मध्ये ते वारले. ज्यांच्यावरून भांडण होते तेच गेल्यावर तरी समेट होईल, असे कोणालाही वाटावे. तो झाला नाही. १९०१ साली शाहजहाँ बेगमांना तोंडाचा कर्करोग झाला. त्या अंथरुणाला खिळल्याचे ऐकून मुलगी न बोलावता भेटीस गेली. भेट झाली, पण आईचे मन वळले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये आई वारली.

पुढे सुलतान जहाँ बेगमांनी आपले आत्मचरित्र लिहिले त्यात या दुराव्याचा सारा दोष सावत्र बापाच्या माथी मारलेला दिसतो. तो सगळाच्या सगळा खरा मानण्याचे कारण नाही. शाहजहाँ बेगम काही दुसऱ्याच्या तालावर नाचणाऱ्या नव्हत्या. स्त्रियांसाठी त्यांनी ‘तहजीब-उन-निसवाँ’ हा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात आरोग्यापासून स्वयंपाकापर्यंत आणि बाळंतपणापासून विवाहातील हक्कांपर्यंत सर्व काही आहे. आपल्या पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ १८८२ चे. हा ग्रंथ त्यानंतर थोड्याच वर्षांत झाला. शिवाय ताज-उल-मसाजिद ही अवाढव्य मशीद बांधायला घेताना त्यांनी तीत स्त्रियांना नमाज पढता यावा म्हणून वेगळी जागा ठेवली. बायकांनी घरीच प्रार्थना करावी अशी जेथे सर्वसाधारण वहिवाट, तेथे हे विशेष होय. पैशाअभावी मशीद अपुरी राहिली, लेकीच्या कारकिर्दीतही ती पुरी झाली नाही. १९७१ मध्ये काम पुन्हा सुरू होऊन १९८५ मध्ये संपले.

जुलै १९०१ मध्ये सुलतान जहाँ गादीवर आल्या तेव्हा त्या त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. खजिना जवळजवळ रिकामा होता. सहा महिने होतात न होतात तोच, जानेवारी १९०२ मध्ये, अहमद अली खान अकस्मात वारले. सत्तावीस वर्षे जो एकच माणूस त्यांच्या बाजूने उभा होता, तो राज्य मिळाल्याबरोबर गेला. आईने विधवाविवाह केला होता. मुलीने तो केला नाही. भोपाळच्या एका नव्या वस्तीला त्यांनी पतीच्या नावावरून अहमदाबाद हे नाव दिले आणि आपला कसर-ए-सुलतानी हा महाल तेथेच बांधला. पुढे त्या इमारतीत सैफिया महाविद्यालय आले.

त्यांचे त्या काळातले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. नखशिखांत बुरखा, डोळ्यांपुरती जाळी, त्या बुरख्याच्या वर मुकुट, आणि छातीवर सरकारी पदके. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ते थोडे विचित्र वाटले. मग लक्षात आले, की या बाईंचे सगळे आयुष्य त्या एका चित्रात आहे. १९०३ च्या दिल्ली दरबारात त्या अशाच गेल्या. त्याच वर्षी हजला गेल्या तेव्हा अरबस्तानात बदाऊंनी काफिल्यावर हल्ला केला, त्यातून सुखरूप परतल्या. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या राज्यारोहणासाठी लंडनला गेल्या, पॅरिस पाहिले, कॉन्स्टँटिनोपलला तुर्की सुलतानाची भेट घेतली, सगळीकडे बुरख्यातच. त्या प्रवासाचा वृत्तांत त्यांच्या सुनेने, मैमूना सुलतान यांनी लिहिला.

हजवरून आलेल्या या कर्मठ बाईंनी राज्यात केले काय? १९०३ मध्ये मुलींसाठी सुलतानिया शाळा काढली, हिंदू मुलींसाठी बिर्जिसिया कन्या पाठशाला काढली. खानदानी घरांतून मुली बाहेर पडाव्यात म्हणून पडद्याच्या गाड्यांची सोय केली. सुइणींना शास्त्रीय शिक्षण देण्याची व्यवस्था केली. १९०९ मध्ये स्त्रियांचा क्लब सुरू केला. तेथे पडद्यातल्या बायका जमत आणि बेगम स्वतः त्यांना आरोग्य, मुलांचे संगोपन, घरखर्च अशा विषयांवर व्याख्याने देत. १९१४ मध्ये अलीगढच्या मुलींच्या शाळेचे वसतिगृह उघडले गेले, त्याच वेळी अखिल भारतीय मुस्लिम महिला परिषदेची सुरुवात झाली. दोन्हींत त्यांचा पुढाकार होता. १९२० मध्ये अलीगढ विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच्या पहिल्या कुलपती म्हणून सुलतान जहाँ बेगम यांची नियुक्ती झाली. मृत्यूपर्यंत त्या त्या पदावर होत्या. १९२२ च्या पदवीदान समारंभात कुलपती बुरख्यात बसल्या आणि समोर पदव्या घेणारे तरुण उभे, असे दृश्य दिसले. त्या विद्यापीठाला पहिली स्त्री कुलगुरू मिळायला २०२४ साल उजाडावे लागले, हे जाता जाता सांगतो.

आणि याच बाई पडद्याच्या कट्टर पुरस्कर्त्या होत्या. पडद्याच्या समर्थनार्थ त्यांनी पुस्तक लिहिले. १९२२ मध्ये त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली. नवविवाहित जोडप्यांसाठी त्यांनी वेगळे पुस्तक लिहिले. इस्लामी विवाह हा करार आहे. त्यात वधूची संमती लागते, मेहेर ठरवावा लागतो, अटी घालता येतात, स्त्रीला स्वतःची मालमत्ता राखता येते. हे सर्व मुसलमान नवरे सोयीस्करपणे विसरतात, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावे हेही त्यांनी तितक्याच ठामपणे लिहिले. बहुपत्नीत्वाची परवानगी धर्मात आहे हे त्यांनी नाकारले नाही. सर्व पत्नींना समान न्याय देण्याच्या अटीवर मात्र बोट ठेवले. ती अट पाळणारे किती निघतात हे सांगण्यासाठी त्यांना ग्रंथात शोधावे लागत नव्हते, स्वतःच्या घराण्यात डोकावले तरी पुरे होते.

आजच्या विद्यार्थिनीला हे सारे परस्परविरुद्ध वाटेल. मलाही वाटले. परंतु हा प्रकार एकट्या भोपाळचा नाही. मी अमेरिकेतील मॉर्मन पंथाची हकीगत वाचली तेव्हा मला राहून राहून बेगमांची आठवण येत होती. जोसेफ स्मिथने १८३० मध्ये स्थापलेला हा ख्रिस्ती पंथ छळामुळे पश्चिमेकडे सरकत यूटाच्या वाळवंटात जाऊन वसला. १८५२ मध्ये त्याने बहुपत्नीत्व हे धर्मतत्त्व म्हणून उघडपणे जाहीर केले. साऱ्या अमेरिकेने त्यांना रानटी ठरवले. त्यांच्या बायका म्हणजे गुलाम, असे सर्वत्र बोलले जाऊ लागले. आणि घडले काय? १८७० च्या जानेवारीत सॉल्ट लेक सिटीत हजारो मॉर्मन स्त्रिया जमल्या आणि त्यांनी भर सभेत आपल्या विवाहपद्धतीची बाजू मांडली. त्याच वर्षी यूटातील स्त्रियांना मताचा हक्क मिळाला, जो त्या वेळी इंग्लंडातल्या बाईलाही पार्लमेंटसाठी नव्हता. एमेलिन वेल्स ही सात बायकांच्या घरातली एक, पण सदतीस वर्षे स्त्रियांचे नियतकालिक चालवून तिने मताधिकाराची चळवळ केली. मार्था ह्यूज कॅनन ही डॉक्टर, नवऱ्याची चौथी बायको. १८९६ च्या निवडणुकीत नवरा एका पक्षाचा उमेदवार आणि ती दुसऱ्या पक्षाची. निवडून आली ती, आणि अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याच्या सिनेटमधील पहिली स्त्री ठरली. बहुपत्नीत्व मोडण्यासाठी सरकारने १८८७ मध्ये कायदा केला तेव्हा त्याच कायद्याने यूटातील स्त्रियांचा मताधिकारही काढून घेतला. म्हणजे गुलामगिरीतून सोडवायचे म्हणून हातातले होते तेही गेले. १८९० मध्ये पंथाने बहुपत्नीत्व सोडल्याचे जाहीर केले, १८९६ मध्ये यूटा राज्य झाले आणि हक्क परत मिळाला. त्या पंथात पौरोहित्य मात्र आजही स्त्रियांना नाही.

मॉर्मन बाया आणि भोपाळच्या बेगम यांची तुलना फार ताणू नये हे मला कळते. एकीकडे साध्या शेतकऱ्यांच्या बायका, दुसरीकडे तोफांची सलामी घेणारी संस्थानिक. तथापि बाहेरचा माणूस आपल्या धर्माला हसतो आहे असे दिसले की आतली स्त्री प्रथम धर्माच्या बाजूने उभी राहते, आणि मग त्याच धर्माच्या पोथीतून आपल्यासाठी जागा काढते, हे दोन्हीकडे घडले. बेगमांनी पडद्याला ढालीसारखे वापरले असे माझे मत आहे. बुरख्यातल्या राज्यकर्तीवर मौलवींना बोट ठेवता येत नव्हते. त्यामुळे मुलींची शाळा, सुइणीचे शिक्षण, क्लब यांवरही ठेवता आले नाही. उघड्या चेहऱ्याने हीच कामे करणाऱ्या बाईला किती विरोध झाला असता? १९१८ च्या लाहोरच्या अधिवेशनात याच महिला परिषदेने बहुपत्नीत्वाविरुद्ध ठराव केला तेव्हा उर्दू वृत्तपत्रांत जो गदारोळ उठला, त्यावरून त्याची कल्पना येते.

त्यांच्या वागण्यातल्या विसंगती मात्र लपवण्याचे कारण नाही. मुलींच्या शिक्षणाचा कैवार घेणाऱ्या बेगमांनी धाकट्या मुलाचे, हमीदुल्ला खान यांचे लग्न १९०५ मध्ये लावले तेव्हा मुलगा अकरा वर्षांच्या आतबाहेर होता आणि वधू मैमूना त्याहून कितीतरी लहान. पण त्या पोरीला त्यांनी नुसती सून म्हणून वाढवले नाही. तिला भाषा शिकवल्या, संगीत शिकवले. युरोपचा प्रवासवृत्तांत लिहिणारी ती हीच. आपल्याकडच्या सुधारकांची घरे आठवली तर हे चित्र अनोळखी वाटू नये. तेथेही आधी बालवधू घरात आली आणि मग तिच्या हाती पुस्तक देण्यात आले.

१९२४ साली सहा महिन्यांच्या अंतराने त्यांचे दोन मोठे मुलगे वारले. इंग्रजी रिवाजाप्रमाणे थोरल्याचा मुलगा वारस ठरत होता. बेगमांना धाकटे हमीदुल्ला हवे होते. ते अलीगढचे पदवीधर आणि आईच्या विश्वासातले. येथेही त्यांनी शरियतच पुढे केली. हयात मुलगा असताना नातवाचा हक्क मागे पडतो, हा वारसाचा नियम त्यांनी सरकारपुढे मांडला. निकाल लागेना तेव्हा सदुसष्टाव्या वर्षी, १९२५ मध्ये, त्या स्वतः लंडनला जाऊन बसल्या. १९२६ मध्ये सरकार नमले आणि त्यांनी मुलाच्या नावे गादी सोडली. ज्या घराण्यात शंभर वर्षे मुलींनी राज्य केले, तेथे मुलासाठी इतका अट्टहास एका बाईने करावा याचे मला नवल वाटते. आपल्या नातवाला डावलताना त्यांच्या आजीला आठवले असेल काय, हाही प्रश्न मनात येतो. विधवा सुनेच्या बाजूने पाहिले तर हा न्याय कडूच होता.

राज्याचे ओझे उतरल्यावरची चार वर्षे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात भरले, त्याच्या अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड होत्या. दुसरे १९२८ मध्ये दिल्लीला. त्याचे अध्यक्षपद सुलतान जहाँ बेगमांनी भूषवले. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी अशा सर्व स्त्रिया त्या व्यासपीठावर होत्या आणि चर्चेत शिक्षणाबरोबर लग्नाचे वयही होते. बालविवाह प्रतिबंधक कायदा पुढच्याच वर्षी झाला. याच अखेरच्या काळात केव्हातरी त्यांनी चेहऱ्यावरचा पडदा लोकांसमोर दूर केला. पन्नास वर्षांहून अधिक काळ पाळलेले, ज्याच्या बाजूने पुस्तक लिहिले ते व्रत सत्तरीच्या बाईने सोडले. काहींना तो पराभव वाटला, काहींना विजय. माझ्या मते राज्य होते तोवर त्या पडद्याची त्यांना गरज होती. ते गेल्यावर उरली ती एक म्हातारी, आणि म्हातारीला शरियतही पडद्याच्या बाबतीत सवलत देते. हे त्यांच्याइतके चांगले कोणाला ठाऊक असणार?

१२ मे १९३० रोजी त्या भोपाळात वारल्या. हमीदुल्ला खान यांना मुलगा झाला नाही, तीन मुलीच झाल्या. त्यांतली थोरली आबिदा सुलतान आजीच्या कडक शिस्तीत वाढली होती. तिला आजीच्या हयातीतच, १९२८ मध्ये, गादीची वारस म्हणून जाहीर करण्यात आले. ती १९५० मध्ये पाकिस्तानात निघून गेली. नबाब १९६० मध्ये वारले. तोवर संस्थान भारतात विलीन होऊन दशक उलटले होते. उरली होती ती पदवी. १९६१ मध्ये भारत सरकारने त्या पदवीला मधली मुलगी साजिदा सुलतान हिच्या नावे मान्यता दिली, आणि भोपाळला पुन्हा एकदा बेगम आली.